दशमानेतर पायातील पूर्णांकाचे गुणधर्म

दहाऐवजी दुसरा पाया घेऊन लिहिलेल्या पूर्णांकाचे गुणधर्म. पाया म्हणून १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या ‘प’ चालते. प्रत्येक धन पूर्णांक ० ते प−१ या अंकांनी एकाच प्रकारे लिहिता येतो आणि स्थानिक किमती उजवीकडून डावीकडे १, प, प², प³ अशा वाढतात. २०२४ ही संख्या पाया ७ मध्ये ५६२१ अशी लिहितात, कारण ५×३४३ + ६×४९ + २×७ + १ = २०२४. द्विमान पद्धतीत (पाया २) तीच ११११११०१००० होते.

पाया बदलला तरी संख्या तीच राहते, त्यामुळे तिचे विभाजक, मूळ किंवा संयुक्त असणे, पूर्ण वर्ग असणे यांत काही फरक पडत नाही. बदलतात त्या ओळखण्याच्या कसोट्या. पायाच्या विभाजकाने भाग जातो का, हे शेवटचा अंक सांगतो. प−१ ने भागल्यावर उरणारी बाकी अंकांच्या बेरजेवरून मिळते, तर प+१ साठी अंक आलटूनपालटून मिळवावे व वजा करावे लागतात. दशमानातील ९ आणि ११ च्या कसोट्या याच नियमाची उदाहरणे होत. वरील ५६२१ मध्ये १−२+६−५ = ०, म्हणून २०२४ ला ८ ने भाग जातो. याच संख्येचा शेवटचा अंक १ असूनही ती सम आहे! पाया विषम असेल तेव्हा समविषमता शेवटच्या अंकावरून कळत नाही. अंकांची बेरीज पाहावी लागते, आणि ती इथे १४ आहे.

‘१२१’ हे रूप ३ पासून पुढच्या कोणत्याही पायात पूर्ण वर्गच असते, कारण त्याची किंमत (प+१)² येते. नुसत्या एकांनी बनलेली रूपे मात्र क्वचितच पूर्ण घात असतात. निदान तीन एक असलेली अशी तीनच उदाहरणे माहीत आहेत: पाया ३ मध्ये १११११ (११²), पाया ७ मध्ये ११११ (२०²) आणि पाया १८ मध्ये १११ (७³).

पॅलिंड्रोम असणे (उलटसुलट वाचले तरी सारखेच दिसणे) हा निव्वळ लेखनाचा गुण आहे आणि त्याचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही, कारण २ पेक्षा मोठी कोणतीही संख्या तिच्याहून एकने लहान पायात ११ अशीच दिसते. गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या हर्षद संख्याही (अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या) पायानुसार बदलतात. १२ ही संख्या पाया ८ सोडून प्रत्येक पायात हर्षद आहे. तिथे ती १४ होते आणि ५ ने १२ ला भाग जात नाही. सर्वच पायांत हर्षद राहणाऱ्या संख्या चारच: १, २, ४ आणि ६.

पाया मूळ संख्या ‘म’ असला की लेखनाचे हेच अंक संख्येविषयी खोलवरचे काही सांगू लागतात. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांच्या सूत्रानुसार ‘न’ च्या क्रमगुणितात (१ ते न यांच्या गुणाकारात) म चा घातांक, म्हणजे त्याला म ने किती वेळा भाग जातो ते, काढायचा तर न मधून त्याच्या पाया म मधील अंकांची बेरीज वजा करून म−१ ने भागावे. १० चे द्विमान रूप १०१०, अंकांची बेरीज २. म्हणून १० च्या क्रमगुणितात २ चा घातांक ८. १८५२ मध्ये जर्मन गणितज्ञ कुमर यांनी याहून देखणा निष्कर्ष सिद्ध केला: दोन संख्या पाया म मध्ये मिळवताना जितके हातचे येतात, तितकाच म चा घातांक त्यांच्यापासून बनणाऱ्या द्विपद सहगुणकात (त्यांच्या बेरजेइतक्या वस्तूंतून त्यांपैकी एकीइतक्या वस्तू निवडण्याच्या प्रकारांच्या संख्येत) असतो. सहा वस्तूंतून तीन निवडण्याचे प्रकार २०. द्विमानात ११ + ११ = ११० करताना दोन हातचे येतात, म्हणून २० ला ४ ने भाग जातो पण ८ ने नाही; पाया ५ मध्ये ३ + ३ = ११, हातचा एक; पाया ३ मध्ये १० + १० = २०, हातचा येतच नाही, म्हणून ३ ने भागही जात नाही.