वामकुक्षीचा काय-स्क्वेअर

'पेठेतली माणसं दुपारी झोपतात' हे मुंबईकराने म्हटलं तर विनोद होतो, कोथरूडकराने म्हटलं तर भांडण. पण त्यात रीतसर तपासता येईल असा एक प्रश्न दडलाय. माणूस राहतो कुठे आणि तो वामकुक्षी घेतो की नाही, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

आकडे कल्पनेतलेच घेऊ. समजा 200 जणांना विचारलं: 80 पेठांतले, 120 कोथरूडचे. त्यांतले 90 जण झोपणारे निघाले. (दुपारी दोन वाजता बेल वाजवून विचारलेलं नाही, हे गृहीत धरा. तसं केलं तर झोपणारे मोजणीतच येणार नाहीत, आणि ज्यांनी दार उघडलं ते उत्तराऐवजी भलतंच काहीतरी ऐकवतील.)

संबंध नसेल, तर झोपणारे दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात, 45 टक्के, असायला हवेत. म्हणजे पेठांत 36. मिळाले 44. हे आठ जादाचे नुसत्या योगायोगाने आले असतील का?

पेठ-कोथरूड आणि झोपतो-झोपत नाही अशा चार चौकटी मांडा. प्रत्येकीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतला फरक काढा, त्याचा वर्ग करून अपेक्षित आकड्याने भागा, आणि चारही उत्तरांची बेरीज करा. आपली बेरीज येते 5.39. हा झाला काय-स्क्वेअर. हे माप संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसनने 1900 साली मांडलं.

आता 5.39 मोठा की लहान? इथे खुद्द पिअरसन चुकला. चौकटी चार, एकूण बेरीज ठरलेली, म्हणून तीन चौकटी मोकळ्या, म्हणजे त्यांत आकडा कोणताही येऊ शकतो, असा त्याचा हिशेब. 1922 मध्ये दुसरा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याने दाखवलं की आडव्या-उभ्या बेरजाही आपण याच आकड्यांवरून घेतलेल्या असतात. पेठेतले झोपणारे 44 लिहून बघा: बाकीच्या चौकटींत 36, 46 आणि 74 आपोआप येऊन बसतात. मोकळी चौकट एकच! हीच ती 'डिग्री ऑफ फ्रीडम'. पिअरसनला हे पटलं नाही, पण बरोबर फिशरच होता.

फरक किरकोळ नाही. संबंध नसतानाही शंभरात पाचच वेळा ओलांडली जाईल अशी रेषा तीन मोकळ्या चौकटींसाठी 7.81 वर असते, एकीसाठी 3.84 वर. म्हणजे पिअरसनच्या हिशेबाने आपले पेठकर योगायोगाच्या नावावर सुटले असते. फिशरच्या हिशेबाने सापडले.

गंमत म्हणजे हीच प्रमाणं निम्म्या, 100 जणांत आली असती, तर काय-स्क्वेअरही निम्मा होऊन 2.69 वर आला असता, आणि सापडलेले पेठकर पुन्हा सुटले असते.

शिवाय संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. आपल्या 80 पेठकरांत निवृत्त मंडळी जास्त असतील तर? साठीच्या आतले आणि साठीपुढचे असे दोन वेगळे तक्ते मांडले, की कदाचित दोन्हींत काय-स्क्वेअर शून्याजवळ येईल. मग झोप पेठेची नाही, पेन्शनची.