वसाहत करणारे नीलहरित शेवाळ आणि जिवाणूमुक्त संवर्ध : पार्श्वभूमी

तळ्यावरच्या हिरव्या तवंगाचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात काळ्या शाईचा ठिपका मिसळावा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावे. मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाची वसाहत लगेच उठून दिसते: मधे गोल पेशींचा पुंजका आणि भोवती, शाई शिरू शकत नाही असे पारदर्शक, बुळबुळीत आवरण. इतर जिवाणू याच आवरणात घर करून असतात. नीलहरित शेवाळ (तेही खरे तर जिवाणूच) त्यांच्यापासून सोडवणे इतके जड का गेले, ते इथेच कळते.

सोडवण्याची निकड नत्राच्या प्रश्नाने आणली. नत्र नसलेल्या माध्यमातही (पोषक द्रावणातही) हे शेवाळ वाढते, असे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी १९०१ मध्ये सांगितले. पण त्यांच्या संवर्धात (प्रयोगशाळेत वाढवलेल्या शेवाळात) इतर जिवाणूही होते. मग हवेतले नत्र घेतले कोणी? प्रिंग्सहाइम यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शुद्ध संवर्ध मिळवले. वाद मिटवणारा पुरावा मात्र १९२८ मध्ये ड्रेवेस यांच्या अ‍ॅनाबिना आणि नॉस्टॉक या तंतुमय नीलहरित शेवाळांच्या जिवाणूमुक्त संवर्धांतून आला. पुढे १९३९ मध्ये पी. के. डे यांनी आपल्याकडच्या भातखाचरांत नत्राची भर हे शेवाळ घालते असे मांडले, ते याच पायावर.

नॉस्टॉकचे छोटे तंतू अ‍ॅगारवर (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीवर) सरकत पुढे जातात, जिवाणू मागे राहतात. मायक्रोसिस्टिसला ही सोय नाही. म्हणून विस्कॉन्सिनमध्ये गेर्लोफ, फिट्झजेराल्ड आणि स्कूग यांनी १९५० मध्ये अतिनील किरण वापरले: जिवाणू मरावेत, पण थोड्या शेवाळ-पेशी तगाव्यात, इतकाच वेळ.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अ‍ॅगारचा धडा. १९६८ मध्ये मेरी अ‍ॅलन यांनी अ‍ॅगार आणि क्षार वेगवेगळे निर्जंतुक करून मग एकत्र केले, आणि प्लेटवर शेवाळ चांगले उगवू लागले. त्यामागचे एक कारण २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडले: फॉस्फेट आणि अ‍ॅगार एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केले) की शेवाळाला विषारी असे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. समुद्रातल्या प्रोक्लोरोकॉकस या नीलहरित शेवाळावरच्या प्रयोगांत तर सोबतचे जिवाणूच हे विष फोडून त्याला जगवतात असे दिसले होते. म्हणजे जिवाणू काढले की शेवाळाचा आधारही जातो.

स्टॅनियर यांच्या गटाच्या १९७१ च्या कामातले बीजी-११ माध्यम आज जगभर वापरात आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या संवर्ध-संग्रहातला पीसीसी ७८०६ या क्रमांकाचा मायक्रोसिस्टिस १९७२ मध्ये नेदरलँड्समधल्या ब्राकमान जलाशयातून आला. फ्लास्कमध्ये तो सुट्या पेशींनी वाढतो. वसाहत उरत नाही. म्हणून वसाहत कशी बांधली जाते याचा शोध घेणारे आता शुद्ध संवर्धात जिवाणू पुन्हा मिसळून पाहतात.