परागीभवनातील स्रावी प्रथिने

परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडल्यापासून बीजांडात (ज्याचे पुढे बी होते त्यात) फलन होईपर्यंत फुलाच्या पेशी जी प्रथिने स्वतःबाहेर सोडतात, त्यांना परागीभवनातील स्रावी प्रथिने म्हणतात. परागकण आपल्या जातीचा आहे का, त्याला पाणी द्यायचे का, परागकणातून निघणाऱ्या परागनलिकेने कुठे वळायचे आणि कुठे फुटायचे, हे बऱ्याच अंशी याच प्रथिनांवर ठरते. येऊरच्या डोंगरात २०१६ नंतर २०२४ मध्ये कारवी फुलली तेव्हा मधमाश्या पाहायला ठाणेकरांनी गर्दी केली. मधमाशीची ती ये-जा डोळ्यांना दिसते, म्हणून तिचे कौतुक होते. ती पराग टाकून उडून गेल्यावर फुलाच्या आत जे घडते, ते मात्र फुले पाहायला गेलेल्यांच्या बोलण्यात क्वचितच येते.

ही प्रथिने पेशीत तयार होतानाच त्यांच्या एका टोकाला अमिनो आम्लांचा एक छोटा पट्टा असतो. पाकिटावरच्या पत्त्यासारखा तो वाचला जातो आणि प्रथिन आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी पिंड या पेशीतल्या टप्प्यांतून पेशीबाहेर पोहोचते. वाटेत तो पट्टा कापून टाकला जातो. यांतली बरीचशी प्रथिने लहान असतात आणि त्यांत सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. सिस्टीनमधल्या गंधकाचे एकमेकांशी दुवे जुळतात आणि त्यामुळे इवलेसे प्रथिन पेशीबाहेरही आपला घाट टिकवून धरते.

मक्याचे उदाहरण सर्वांत जवळचे. पावसाळ्यात उपवन तलावाशी भाजलेले कणीस खाताना मधेच दाणे नसलेली जागा लागते. कणसाचा प्रत्येक रेशमी केस एकेका दाण्याकडे जातो. तो केस म्हणजे त्या बीजांडाची कुक्षी आणि कुक्षीवृन्त (कुक्षीखालचा दांडा) एकत्रच. झाडाच्या तुऱ्यातून उडालेला पराग एखाद्या केसावर पडलाच नाही किंवा परागनलिका आत पोहोचली नाही, तर तेवढी जागा रिकामी राहते. पोहोचायचे अंतरही थोडेथोडके नाही. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका कणातून निघालेली नलिका वीतभर, कधी त्याहूनही लांब केसातून साधारण एका दिवसात खाली उतरते. वाट मोकळी करण्यासाठी मक्याचा पराग बीटा-एक्स्पान्सिन नावाची प्रथिने सोडतो. ती केसातील पेशींच्या भिंती सैल करतात. हे १९९७ मध्ये दाखवले गेले.

गवताच्या परागामुळे ज्यांना शिंका येतात त्यांनी हे प्रथिन ओळखून ठेवावे. गवताच्या परागातील ‘गट एक’ म्हणून ओळखला जाणारा प्रमुख ॲलर्जीकारक घटक म्हणजे हेच बीटा-एक्स्पान्सिन. ओलसर पृष्ठभाग लागला की पराग ते लगेच सोडतो, मग तो पृष्ठभाग कुक्षीचा असो वा नाकातल्या त्वचेचा.

परागनलिका पहिल्यांदा पाहिली गेली ती आपल्या घोळाच्या भाजीच्या फुलात. इटालियन सूक्ष्मदर्शककार जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची यांनी १८२४ मध्ये घोळाच्या कुक्षीवरील परागातून नळी बाहेर पडत असल्याचे नोंदवले. कुक्षीच्या पृष्ठभागाचा पद्धतशीर अभ्यास पुष्कळ उशिरा झाला. १९७७ मध्ये योलांद हेस्लॉप-हॅरिसन आणि के. आर. शिवण्णा यांनी शेकडो वनस्पतींची पाहणी करून ओल्या आणि कोरड्या कुक्षी असे वर्गीकरण मांडले. ओल्या कुक्षीवर द्रव पाझरलेला असतो. कोरड्या कुक्षीवर प्रथिनांचा फक्त पातळ थर असतो आणि पाणी द्यायचे की नाही हे तिच्या हाती राहते.

मोहरी, मुळा आणि कोबीच्या कुळातली कुक्षी कोरडी असते, आणि ती नकार देते तो याच टप्प्यावर. परागकोषाच्या आतल्या अस्तरातून स्रवलेले ‘एससीआर’ हे छोटे प्रथिन परागकणाच्या आवरणात बसते. कुक्षीच्या पेशीवर ‘एसआरके’ हा ग्राही, म्हणजे ते ओळखणारे प्रथिन, असतो. दोन्ही एकमेकांना जुळणाऱ्या जोडीतले निघाले, म्हणजे पराग आपल्याच झाडाचा किंवा अगदी जवळच्या नात्यातला असला, की कुक्षी त्याला रुजू देत नाही. परक्या झाडाच्या परागाला पाणी मिळते. एससीआरची ओळख १९९९ मध्ये पटली. कोबीचे संकरित बियाणे तयार करताना स्वपराग नाकारण्याच्या याच गुणाचा वापर झाला आहे.

सफरचंदाचे तंत्र निराळे. तिथे पराग रुजतो, नलिका कुक्षीवृन्तात शिरतेही, आणि मग अडते. कुक्षीवृन्तातून स्रवलेले ‘एस-आरएनेज’ नलिकेत शिरते. पराग स्वकीय असेल तर ते नलिकेतले आरएनए तोडून टाकते. परक्या नलिकेकडे मात्र त्याला निकामी करणारी स्वतःची प्रथिने असतात. हे प्रथिन आरएनए तोडणारे विकर (एन्झाइम) आहे, हे तंबाखूच्या एका जातीत १९८९ मध्ये सिद्ध झाले. वाशीच्या फळबाजारात हिमाचल आणि काश्मीरहून जी लाल सफरचंदे उतरतात, त्यांच्या बागांत रेड डेलिशियसच्या जोडीला गोल्डन डेलिशियससारख्या दुसऱ्या वाणाची झाडे लावावी लागतात, त्याचे कारण हे. नुसत्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवून भागत नाही.

नकाराइतकेच बोलावणेही महत्त्वाचे, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग मला तोच वाटतो. बारावीच्या प्रात्यक्षिकात सदाफुलीचे पराग काचपट्टीवर साखरेच्या द्रावणात ठेवतात. थोड्या वेळाने त्यांतून नलिका बाहेर येतात, पण त्या मनाला येईल तिकडे वाढतात. फुलात त्याच नलिका बरोबर बीजांडाच्या दारात कशा जातात? याचे उत्तर मिळाले ते तोरेनियामध्ये. पावसाळ्यात नर्सरीत मिळणाऱ्या, जांभळ्या-निळ्या फुलांच्या या रोपाचा भ्रूणकोष, म्हणजे अंडपेशी असलेला भाग, बीजांडाबाहेर डोकावतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तो थेट दिसतो. तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटाने २००१ मध्ये लेसरने एकेक पेशी नष्ट करून पाहिली. अंडपेशीशेजारच्या दोन सहायक पेशी गेल्या की नलिका येईनाशी झाली, म्हणजे हाक त्यांची होती. २००९ मध्ये त्या पेशींतून स्रवणारी ‘ल्युअर’ प्रथिने सापडली. ती जिलेटिनच्या मण्यात भरून नलिकेच्या टोकाजवळ ठेवली, की नलिका मण्याकडे वळते. मक्यात हेच काम करणारे प्रथिन २००५ मध्ये सापडले होते. ते अगदी जवळूनच काम करते. म्हणजे केसातला लांबचा प्रवास इतर खुणांच्या आधाराने आणि शेवटचे वळण या हाकेवर.

आत शिरल्यावर नलिका फुटावी लागते, तरच पुंयुग्मके, म्हणजे नर जननपेशी, बाहेर पडतात. मक्यात सहायक पेशींतले ‘ईएस-४’ हे प्रथिन नलिकेच्या पटलातील पोटॅशियमची द्वारे उघडते, आत पाणी भरते आणि टोक फुटते. त्यानंतर अंडपेशीची पाळी. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या वनस्पतीत ती ‘ईसी-१’ सोडते. त्यामुळे पुंयुग्मके संयोगाला सिद्ध होतात. फलन झाले की तीच अंडपेशी प्रथिने तोडणारी दोन विकरे सोडते. २०२१ मध्ये दिसले की ती ल्युअरचे तुकडे करतात, जेणेकरून दुसरी नलिका आत येऊ नये. पहिली नलिका आली पण फलन फसले, तर मात्र उरलेली सहायक पेशी तशीच जिवंत राहते आणि पुन्हा हाक देते. अशा वेळी त्याच बीजांडाकडे दुसरी नलिका येते.