आवाज आला नाही, तरी उपचार झालेला असतो
(आमच्या कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके आणि सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्या, क्लिनिकमध्ये येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक, नाशिक)

टेबलावरून उठता उठता एक प्रश्न हमखास येतो: "पण आवाज कुठे आला?" मोबाईलवर रील बघून आलेल्या माणसाला वाटतं, मान कडकड वाजली की पैसे वसूल. मग तो घरी जाऊन धाकट्याला पाठीवर चालायला लावतो, नाहीतर रविवारी सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान मोडून घेतो. बुधवारी आमच्याकडे येतो तेव्हा जी बाजू मोकळी होती तीही वळत नसते. असे बुधवार फार झाले, म्हणून हे पत्रक छापलं.

आवाज कशाचा असतो?

सांध्याच्या पिशवीत थोडा चिकट द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम दूर झाले की आतला दाब उतरतो, द्रवात पोकळी तयार होते आणि आपल्याला कट्ट ऐकू येतं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोट मोडताना एमआरआय मशीनमध्ये हे टिपलं. एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात, हे तुम्हीही अनुभवलं असेल. म्हणजे हा हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. ते जागचं हललेलंच नसतं.

मग आम्ही करतो काय? पाठीच्या कण्यात हलणारे मणके २४: मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. त्यातला कुठला सांधा नीट हलत नाही आणि कुठे हात लावला की तुम्ही दचकता, हे आधी बोटांनी शोधतो. मग त्याच सांध्याला, ठरलेल्या दिशेने, छोटा आणि जलद दाब देतो. कधी आवाज येतो, कधी नाही. काही पेशंटना आम्ही असा झटका देतच नाही, फक्त हळू ताण देतो किंवा टेबलाचा खटका वापरतो (दाब दिला की टेबलाचा तेवढा भाग किंचित खाली पडतो). तिथे खट् असा जोराचा आवाज होतो खरा, पण तो टेबलाचा. त्यावर खूश होऊन जाणारेही आहेत, आम्ही काय बोलणार!

मधल्या दिवसांत मोडून घेऊ नका

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही एवढी एकच.

मान पिळली की जो सांधा आधीच सैल आहे तोच आधी हलतो. जखडलेला सांधा जिथल्या तिथे राहतो. आवाज येतो, दहा मिनिटं हलकं वाटतं आणि रात्री भोवतीचे स्नायू आखडतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही इथे आलात की त्या आखडलेल्या मानेला आम्ही धक्का देऊ शकत नाही, देतही नाही. ती भेट शेक, हलका हात आणि पुन्हा सगळी तपासणी यात जाते. चार भेटींचं काम सहा-सातवर जातं आणि फी तुमच्याच खिशातून जाते. लोकांना वाटतं आम्ही भेटी वाढवतो. वाढवतो सलूनवाला, बिल मात्र आमच्या नावावर फाटतं.

मानेचं आणखी एक. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांमधून वर जातात. मान झटक्याने पिळल्यावर या धमनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण त्यात कायरोप्रॅक्टरच्या हातून घडलेल्याही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मानेला हात लावण्याआधी आम्ही चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, अचानक सुरू झालेली वेगळीच डोकेदुखी याबद्दल विचारतो, रक्तदाब बघतो आणि तुमची संमती घेतो. "एवढं काय विचारताय, मोडा की!" म्हणणाऱ्यांना आम्ही हमखास आणखी दोन प्रश्न विचारतो.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घ्यायची आपल्याकडची पद्धत आम्हाला माहीत आहे. लेखकाच्या आजोबांनीही घेतली होती. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे श्रेय लाथेला मिळतं. खरं तर हे आमच्या धंद्यालाही लागू आहे. नवी कंबरदुखी बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपसूक कमी होते. आमच्या उपचाराने त्या काळात हालचाल सोपी होते आणि दुखणं सुसह्य होतं, असा आमचा दावा आहे, त्यापलीकडे नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत शेक, मसाज, व्यायाम यांच्याबरोबर मणक्यांचा हा उपचारही धरला आहे.

"मणक्यात गॅप आहे"

दर दुसरा पेशंट हे वाक्य घेऊन येतो. दोन मणक्यांमध्ये गादी असते, तिथे गॅप असायलाच हवी. रिपोर्टमध्ये बहुधा ती कमी झाल्याचं लिहिलेलं असतं. आणि कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय काढले तरी गादीची झीज दिसते: २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. म्हणून आम्ही रिपोर्टपेक्षा तुम्ही कसे वाकता, कसे बसता हे जास्त बघतो. तरी रिपोर्ट आणाच, आणि फिल्म आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तिरक्या फोटोत आम्हाला ट्यूबलाइट दिसते, मणका दिसत नाही.

पहिली भेट

पाऊण तास धरून या. त्यातला अर्धा वेळ बोलण्यात आणि तपासण्यात जातो, उपचार दहा-बारा मिनिटांचा. सैल कपडे घाला. साडी नेसून आलात तर इथे गाऊन आहे. भरपेट जेवून येऊ नका, पालथं झोपायचं असतं. जुनं ऑपरेशन, हाडांचा ठिसूळपणा, कधी झालेला कॅन्सर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपण यातलं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा. एका काकूंनी तिसऱ्या भेटीला कमरेतल्या स्क्रूबद्दल सांगितलं. "तुम्हाला हाताला लागला असेल असं वाटलं" म्हणाल्या.

त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकू शकतं, पहिल्यांदा जोर-बैठका काढल्यावर ठणकतं तसं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं. तेवढ्यात फोन केलात तरी चालेल, सलूनमध्ये जाऊ नका.

चार भेटींनंतर आम्ही पुन्हा मोजतो: मान किती वळते, किती वेळ बसवतं, झोप लागते का. फरक नसेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो. वीस भेटींचं आगाऊ पॅकेज आमच्याकडे नाही, कुणी कितीही सवलत मागितली तरी. घरी करायचे दोन व्यायाम मात्र सक्तीचे. ते न करता "फरक नाही" म्हणालात तर वही काढून दाखवावी लागेल.

आमच्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटलला जा: लघवी अडली किंवा नकळत होतेय, बसायच्या जागी बधिर झालंय, दोन्ही पायांतली ताकद चाललीये, तापासोबत पाठ दुखतेय किंवा पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं आहे. यात एक दिवसही थांबायचं नाही.

मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब मणका दाबून बरे होत नाहीत. ही विद्या अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी सुरू केली. त्यांचा पहिला पेशंट हार्वी लिलार्ड. त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं असं पामर सांगत. आमच्याकडे कानाचं काम होत नाही. आणि आम्ही एमबीबीएस नाही, औषध लिहून देत नाही. भारतात या विद्येची नोंदणी करणारी वेगळी परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. जिथे जाल तिथे शिक्षण कुठे झालं ते विचारा. आमची प्रमाणपत्रं प्रतीक्षा खोलीत पंख्याखाली लावली आहेत.

पहिल्या भेटीचे ८०० रुपये, पुढच्या प्रत्येकीचे ५००. वेळ ठरवून या.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत क्लिनिक सकाळी ७ ला उघडतं, कारण वेलींच्या मांडवाखाली दिवसभर मान वर करून काम करणाऱ्यांना दुपारची वेळ जमत नाही. टोळीतले तिघे-चौघे एकदम येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. फक्त बागेत वेलींना फूट येण्यासाठीची पेस्ट लावून तसेच येऊ नका. हातपाय धुवून, कपडे बदलून या, ते रसायन टेबलाच्या कातड्यावर आणि आमच्या हातांवर नको.