पर्वतीच्या पायऱ्या आणि केमोनंतरचे पाय

सारसबागेच्या फाटकाशी मावशीच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच दहा-बारा पावलं पुढे गेली. मागून येणाऱ्या एका आजोबांनी "अहो ताई, चप्पल राहिली!" अशी हाक मारली, तेव्हा तिनं खाली पाहिलं. तळव्याला सकाळची गार फरशी लागत होती, पण तिला ते जाणवतच नव्हतं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमोही संपली होती. रिपोर्ट चांगले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "सुटलीस गं बाई, आता काही करू नकोस, नुसता आराम कर." आम्ही घरचेही तेच म्हणत होतो. ते चुकत होतं, हे आता कळतंय.

बधिर पायांमागे एक औषध आहे, ऑक्सॅलिप्लॅटिन. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर लपून राहिलेल्या पेशी मारायला ते फार उपयोगी पडतं. पण मज्जारज्जूच्या कडेला, स्पर्शाची जाणीव वाहून नेणाऱ्या चेतापेशींचे जे पुंजके असतात, तिथेही ते साचतं. त्या पेशींचे तंतू थेट पावलांच्या बोटांपर्यंत जातात. सगळ्यांत लांब तंतूंना झळ आधी लागते, म्हणून सुरुवात पावलं आणि हातांची बोटं यांच्यापासून होते. केमो चालू असताना मावशीनं फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि माठातलं पाणी घशात काट्यांसारखं टोचायचं. औषध थांबल्यावरही काही महिने बधिरपणा वाढत राहू शकतो. ही गोष्ट आधी सांगितलेली नसेल, तर माणूस फार घाबरतो. मावशी घाबरली होती.

मग हे औषध कमी दिलं तर चालेल का? हा प्रश्न २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयडिया' या मोठ्या अभ्यासात तपासला गेला. सहा चाचण्यांमधल्या १२,८३४ रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. सहा महिन्यांऐवजी तीनच महिने उपचार दिले, तर बऱ्यापैकी त्रासदायक बधिरपणा येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आलं. कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे जवळच्या लसिका गाठींपर्यंत पोहोचलेल्या, पण तुलनेनं कमी धोक्याच्या रुग्णांमध्ये, विशेषतः ऑक्सॅलिप्लॅटिनबरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये, आजार आटोक्यात राहण्यात जवळजवळ फरक पडला नाही. जास्त धोका असेल तर सहा महिन्यांचा विचार करावा लागतो, त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा. पण "माझ्यासाठी तीन महिने पुरतील का?" हे विचारायचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे आणि त्यानं तो जरूर बजावावा.

माझ्या मनात सगळ्यांत खोलवर रुतलेला अभ्यास मात्र २०२५च्या जूनमधला आहे. त्याचं नाव 'चॅलेंज'. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ५५ केंद्रांवर, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला व्यायाम आणि आहार यांची माहिती असलेली पुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला तीच माहिती दिली, पण बरोबर एक माणूसही दिला. हा प्रशिक्षक तीन वर्षं त्यांच्या मागे होता. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी भेट आणि पुढे महिन्यातून एकदा. काय जमतंय, कुठे अडतंय, पाऊस आला तर काय करायचं, हे तो त्यांच्याशी बोलत राहिला. अपेक्षा आधीपेक्षा थोडं जास्त हलण्याची होती, म्हणजे साधारण आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणं.

आठ वर्षांनंतर व्यायामाच्या गटातले ९०.३ टक्के लोक हयात होते, पुस्तिकेच्या गटातले ८३.२ टक्के. पाच वर्षांनंतर आजार परत न येता हयात असलेल्यांचं प्रमाणही ७३.९ वरून ८०.३ टक्क्यांवर गेलं. जिना चढणं, पिशवी उचलणं अशा रोजच्या कामांतली ताकदही या गटात जास्त वाढली. स्नायू आणि सांधे दुखावण्याचे प्रकार थोडे जास्त झाले, १८.५ टक्के विरुद्ध ११.५ टक्के. तेही लपवण्याचं कारण नाही.

चालण्याचा सल्ला दोन्ही गटांना मिळाला होता. फरक पडला तो सोबतीनं. मावशीच्या फाइलमध्येही 'नियमित व्यायाम करावा' अशी छापील ओळ होती. ती फाइल कपाटात गेली आणि मावशी पलंगावर.

केमोनंतरचा थकवा झोपून जात नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. पडून राहिलं की स्नायू ओसरतात, मग थोड्याशा हालचालीनंही दम लागतो, म्हणून माणूस आणखी पडून राहतो. २०१७ मध्ये ११३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा या थकव्यावर व्यायाम आणि मानसिक आधार हे औषधांपेक्षा सरस ठरले.

पुण्यात तर अशी सोबत दारात आहे. तळजाईला, हनुमान टेकडीवर, वेताळ टेकडीवर पहाटेपासून गट निघतात, बागांमध्ये हास्यक्लब भरतात. त्यातल्या कुणीतरी बिल्डिंगमधल्या अशा एका माणसाची बेल रोज वाजवावी, एवढंच माझं मागणं आहे. मात्र हाडांत आजार असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा तोल जात असेल, तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना विचारायला हवं. आणि पाय बधिर असतील तर देवळातही सांभाळावं लागतं. दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं तर तळवा भाजतो आणि कळत नाही. मावशी आता रात्री झोपताना आरसा धरून तळवे बघते.

चपला जाऊन वेलक्रोचे बंद बूट आले आहेत. सव्वासहाला शेजारच्या काकू बेल वाजवतात. पहिले दोन महिने सारसबागेतल्या सपाट वाटेवरच फेऱ्या झाल्या. मग एका रविवारी आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी गेलो. एकशे तीन पायऱ्या. माझा हात धरून, प्रत्येक पाऊल कुठे पडतंय ते बघत, ती चाळिसाव्या पायरीपर्यंत आली आणि बसली. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. मावशीनं आधी पाणी प्यायलं, मग वर किती उरल्या ते मोजू लागली.