बैलगाडीमागचं रेडियम आणि छतावरचं रेडियम

उसाच्या बैलगाडीच्या मागे लावतात ते रेडियम. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या हिरव्या चांदण्या, त्याही रेडियमच्या. ‘रेडियम कटिंग’ची पाटी लावलेल्या दुकानात गाडीच्या काचेवर नाव कापून देतात, तेही रेडियमच. या तिन्हींत रेडियम हे मूलद्रव्य कणभरही नसतं. काचेवरचं नाव तर बहुतेक वेळा साध्या रंगीत व्हिनाइलचं असतं, ते अंधारात काहीच करत नाही. खरा घोळ होतो तो पहिल्या दोघांत. बैलगाडीमागची पट्टी तिच्यावर पडलेला उजेड त्याच क्षणी परत पाठवते, चांदणी आधी साठवलेला उजेड हळूहळू सोडते. एकाच्या जागी दुसरं लावलं तर रस्त्यावर जिवावर बेतू शकतं.

आधी नावाचं. मेरी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये रेडियम शोधलं. पुढे काही दशकं घड्याळांच्या काट्यांना रेडियम आणि झिंक सल्फाइड कालवलेला रंग देत. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळत आणि ते हिरवट चमकत. उन्हात ठेवायची गरज नाही, रात्रभर आपोआप उजेड. अमेरिकेत हा रंग देणाऱ्या कामगार मुली कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरत. रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखं असल्यामुळे ते त्यांच्या हाडांत जाऊन बसलं, आणि कित्येकींचा त्यात जीव गेला. तो रंग बंद झाला, नाव मात्र आपल्याकडे टिकलं. घरात तशा रंगाचं जुनं घड्याळ असेल तर ते आता चमकत नाही म्हणून निर्धोक समजू नये. झिजलेले असतात ते झिंक सल्फाइडचे स्फटिक. रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षं आहे, तेव्हा 100 वर्षांत जेमतेम 4 टक्के संपतं. अशा घड्याळाची काच उघडू नये, रंग खरवडू नये.

आता छतावरच्या चांदण्या. जुन्या स्वस्त चांदण्यांत तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड असायचं, ते तासाभरात मंदावायचं. 1990च्या दशकात जपानमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट तयार झालं. हे पुष्कळ जास्त चमकतं आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना आठ-दहा तासांनीही दिसतं. उजेड पडला की यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेला उचलले जातात. साध्या पदार्थात ते लगेच खाली येतात. इथे मात्र स्फटिकात मुद्दाम ठेवलेल्या उणिवांच्या खळग्यांत ते अडकून पडतात. तिथून त्यांना बाहेर काढते ती खोलीतली उष्णता. अणूंच्या थरथरीचा धक्का बसला की एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, खाली येतो आणि हिरव्या प्रकाशाचा एक कण सोडतो. सगळे एकदम सुटत नाहीत, म्हणून हा उजेड तासन्‌तास पुरतो. याला मराठीत स्फुरदीप्ती म्हणतात. नावात स्फुरद असलं तरी चांदणीच्या चमकण्याशी फॉस्फरसचा संबंध नाही.

उष्णतेचं हे काम फ्रीजरमध्ये डोळ्यांनी दिसतं. सारख्या दोन चांदण्या ट्यूबलाइटखाली वीस मिनिटं ठेवा. एक लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, दुसरी अंधाऱ्या कपाटात ठेवा. तासाभराने खोलीत अंधार करून दोन्ही काढा. फ्रीजरमधली आधी अगदी मंद दिसेल. ती तळहातावर धरा. गरम होईल तशी ती उजळत जाईल आणि कपाटातलीला मागे टाकेल, कारण तिचे इलेक्ट्रॉन थंडीत खळग्यांतच बसून होते.

चांदणी उजेडाने भरायची ती कसल्या, हेही महत्त्वाचं. खळगे भरायला निळा, जांभळा किंवा अतिनील प्रकाश लागतो. उन्हात पाच मिनिटं पुरतात. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो, तेही चालतं. जुन्या पिवळ्या बल्बखाली फार वेळ लागतो. लाल दिव्याखाली रात्रभर ठेवली तरी ती भरत नाही, कारण लाल प्रकाशाच्या एकेका कणात तेवढी ऊर्जाच नसते. ‘चांदण्या खराब निघाल्या’ या तक्रारीत बऱ्याचदा चूक दिव्याची असते.

बैलगाडीमागच्या पट्टीत साठवण कसलीच नाही. तिथे सगळी करामत भूमितीची. साध्या आरशावर तिरपा प्रकाश टाकला तर तो पलीकडे निघून जातो, भिंतीवर टाकला तर चहूकडे विखुरतो. ही पट्टी प्रकाशाला आल्या वाटेनेच माघारी धाडते. एका प्रकारात मिठाच्या कणाहून बारीक काचेचे मणी बसवलेले असतात. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वाकवते याचं माप, 1.5च्या आसपास असतो, या मण्यांचा 1.9च्या आसपास ठेवतात. त्यामुळे समोरून शिरलेला किरण बरोबर मण्याच्या पाठीवर एकवटतो, तिथल्या चकचकीत थरावर आपटतो आणि तसाच उलट निघतो. दुसऱ्या प्रकारात खोलीच्या कोपऱ्यासारखे, एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे इवलेसे प्रिझम असतात. भिंगातून पाहिलं तर अशा पट्टीवर जाळी दिसते. चांद्रयान-3च्या विक्रम लँडरवर नासाने बसवलेला छोटा रिफ्लेक्टर याच कोपऱ्यांचा आहे. रात्री बैलांचे डोळे चमकतात तेही याच तऱ्हेने: डोळ्याच्या पडद्यामागे चकाकता थर असतो आणि तो प्रकाश आल्या दिशेला परतवतो. म्हणजे हेडलाइट पडल्यावर समोरून येणाऱ्या गाडीचे बैल आणि पुढे चाललेल्या गाडीची पट्टी, दोन्ही एकाच नियमाने दिसतात.

यातून एक अट निघते: बघणाऱ्याचा डोळा दिव्याच्या जवळ हवा. टॉर्च कपाळाला टेकवून तीन मीटरवरच्या पट्टीवर मारा, ती डोळे दिपवेल. आता हात बाजूला ताणून टॉर्च 60 सेंटिमीटर लांब न्या, झोत मात्र पट्टीवरच ठेवा. पट्टी राखाडी, निस्तेज होईल. दिवा आणि डोळा यांच्यातला कोन सुमारे 11 अंश झाला, आणि परतणारा झोत एवढा अरुंद असतो की तो तुमच्या डोळ्याला चुकवून टॉर्चकडे गेला. रस्त्यावर ही अडचण येत नाही. 100 मीटरवर, दिव्यांपेक्षा 60 सेंटिमीटर वर बसलेल्या कारचालकाला हा कोन एक तृतीयांश अंश पडतो. ट्रकच्या केबिनमध्ये डोळे मीटरभर वर असतात, कोन अर्ध्या अंशाच्या पुढे जातो, म्हणून तीच पट्टी ट्रकवाल्याला कमी उजळ दिसते.

चांदण्यांच्या द्रव्याची चमकणारी पट्टी, म्हणजे चांदणी-पट्टी, गाडीमागे लावली तर? हेडलाइटच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना तो हिरवट उजेड जाणवतच नाही. ताशी 60 किलोमीटरने येणाऱ्या वाहनाला 150 मीटरवर रिफ्लेक्टर दिसला तर हाताशी 9 सेकंद असतात. चांदणी-पट्टी त्यातलं जवळपास काहीच देत नाही. मागे लाल आणि पुढे पांढरी रिफ्लेक्टिव्ह पट्टीच हवी. उलट वीज गेल्यावर जिन्याची कड, स्विचबोर्ड, बाहेर पडण्याचा दरवाजा दाखवायला चांदणीचंच द्रव्य हवं. तिथे हेडलाइट मारणारं कोणी नसतं.

रिफ्लेक्टर फसतो तो चिखलाने, आणि पाण्यानेही. उघड्या मण्यांवर पाण्याचा थर बसला की किरण पाठीवर एकवटत नाहीत. प्रिझमच्या पट्टीला चीर पडून आत पाणी शिरलं तर मागची हवेची पोकळी जाते आणि तेवढा भाग काळा पडतो. म्हणून कापलेल्या कडा बंद कराव्यात आणि पट्टी ओल्या, धुळकट लाकडावर न चिकटवता पत्र्याच्या तुकड्यावर लावून तो ठोकावा. उसाच्या गाडीत आणखी एक होतं: मोळ्या भरल्या की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागे लोंबतात आणि गाडीच्या साट्यावरची पट्टी पूर्ण झाकली जाते. तेव्हा या गाडीत पत्रा न ठोकता, गाडी भरल्यानंतर, वाढ्यांच्या बाहेर, दोरीने दोन्ही टोकांना ताणून बांधावा, आणि निघण्याआधी वीस पावलं मागे जाऊन टॉर्च कपाळाशी धरून एकदा बघावं.