कायम सापडणारे औषध: टिकून राहिलेले की रोज नव्याने आलेले?

पाण्याच्या तपासणीत एखादे औषध महिनोन्‌महिने सापडत राहिले, की त्याचे विघटनच होत नाही असे आपण धरून चालतो. ते औषध खरोखर टिकाऊ असेल किंवा लवकर नष्ट होत असूनही त्याचा ओघ थांबत नसेल. अहवालातला आकडा मात्र दोन्ही वेळा सारखाच दिसू शकतो.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या गोळ्या दुसऱ्या प्रकारात मोडतात. प्राणवायू आणि जिवाणू पुरेसे असले की त्यांचे लवकर विघटन होते, आणि नीट चालणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात त्यांचा बहुतांश भाग नाहीसा होतो. परंतु येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या भातशिवारातून बेळगाव शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्यासारख्या प्रवाहात आज जेवढे औषध संपते तेवढेच उद्या सकाळी शहरातून पुन्हा येऊन मिळते.

फिट्सवर दिले जाणारे कार्बामाझेपीन खरे चिवट. शरीरातून ते मूळ रूपात जेमतेम दोन-तीन टक्केच बाहेर पडते. उरलेले बदललेल्या रूपांत येते, आणि त्यांतील काही रूपे प्रक्रिया केंद्रातील जिवाणूंनी तोडली की मूळ औषध पुन्हा मोकळे होते. म्हणून केंद्रात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते कधीकधी अधिक भरते, जे पाहून मोजणाऱ्याचेच चुकले असावे असे वाटते. या रेणूवर विद्युतभार नसल्याने मातीतील चिकणकणही त्याला फारसे धरून ठेवत नाहीत. झिरपत भूजलात पोहोचल्यावर तेथे ऊन नसते आणि जिवाणूही कमी, त्यामुळे ते वर्षानुवर्षे राहू शकते. पाणी उकळूनही ते जात नाही. सक्रिय कोळशाच्या गाळणीने बऱ्याच अंशी निघते.

सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची गोष्ट आणखी वेगळी: पाण्यात त्याचे प्रमाण घटते खरे, पण ते गाळाला चिकटून बसलेले असते, आणि नाल्यातून उपसलेला गाळ शेताच्या बांधावर टाकला की त्याच्यासोबत तेही तेथे पोहोचते.

नाल्याकाठच्या विहिरीत कार्बामाझेपीन आढळले, तर ते पूर्वी कधीतरी मुरलेल्या सांडपाण्याचेही असू शकते. पॅरासिटामॉल आढळले, तर गळती बहुधा ताजी आणि जवळचीच असते. अशा वेळी औषधाचा विचार मागाहून करावा. आधी फुटलेले गटार किंवा पाझरणारा शौचालयाचा खड्डा शोधावा आणि पाण्यातील जंतूंची तपासणी करून घ्यावी.